तिसऱ्या क्रमांकाचा लान्स, शेवटच्या क्रमांकाचा पर्डी: ड्राफ्टमध्ये खेळाडू खरंच ओळखता येतो का?

खाडीकाठ

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे टीमनी कॉलेजातले खेळाडू नंबरानं निवडायचा कार्यक्रम, जवळ आला की आमच्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) जिथे चार फोर्टीनायनर्सवाले (इथल्या टीमचे चाहते) जमतील तिथे एक वाद हमखास निघतो. तो इथे मांडतोय, कारण इथे हा खेळ मनापासून बघणारे बरेच आहेत.

एकच टीम, एकच जनरल मॅनेजर (जॉन लिंच), एकच कोच (काइल शॅनहन). त्यांनी लागोपाठच्या दोन ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारे मुख्य खेळाडू) घेतले. २०२१ मध्ये ट्रे लान्स, सगळ्या देशातून तिसरा. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी, २६२ वा, म्हणजे त्या वर्षीचा शेवटचा खेळाडू. लान्ससाठी वर सरकायला मायामीच्या टीमला काय मोजलं बघा: त्या वर्षीचा आपला १२ वा क्रमांक, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक (निवडीचे हक्क) आणि वर तिसऱ्या फेरीचा एक. (तो १२ वा क्रमांक पुढे हात बदलत डॅलसकडे गेला आणि त्यांनी त्यावर मायका पार्सन्स हा पुढे अव्वल ठरलेला बचावपटू घेतला. हे आठवलं की आजही जीव तुटतो.)

लान्स आमच्याकडून सुरुवातीपासून खेळला असे सामने फक्त चार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात तो डॅलसला गेला. पर्डीला २०२२ च्या डिसेंबरमध्ये गॅरोपोलो या तेव्हाच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडल्यावर मैदानात उतरवलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) खेळत होता. तो सामना कॅन्सस सिटीनं जादा वेळेत २५-२२ असा जिंकला. २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला.

आता लान्सला निवडणारे काही खुळे नव्हते. २०१९ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटकडून त्यानं २८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले आणि एकही चेंडू विरोधकाच्या हातात दिला नाही. उंची, हाताची ताकद, पळण्याचा वेग, सगळं होतं. पण ते कॉलेज एक पायरी खालच्या स्तरावर खेळतं, आणि २०२० मध्ये साथीमुळे त्याच्या वाट्याला एकच सामना आला. उलट पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं मुख्य क्वार्टरबॅक होता. त्याची उंची बेताची, हातही साधारण. स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) लोकांना वाटलं, हा जेवढा वाढायचा तेवढा वाढला. लान्सच्या बाबतीत उलट वाटलं, की याची वाढ अजून व्हायची आहे. म्हणजे एकाच्या हातून झालेलं काम मोजलं गेलं नाही आणि दुसऱ्याच्या न झालेल्या कामाला तीन वर्षांचे पहिले पिक मोजले गेले.

लान्सवर माझा अजिबात राग नाही. निवड झाली तेव्हा तो विशीत होता. दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. त्याला शिकायला सामने लागत होते, आणि आमची टीम जिंकायच्या घाईत होती.

माझं म्हणणं असं. खेळाडू ओळखता येतो, पण टीमला वाटतं तितका नाही. ज्या टीमला हे पटलंय ती एकावर सगळी पुंजी लावत नाही, पिक जमवत राहते आणि आलेल्या पोराला घडायला जागा देते. आमचाच २०१७ चा ड्राफ्ट घ्या. पहिल्या फेरीत सॉलोमन थॉमस आणि रुबेन फॉस्टर घेतले, दोघेही फार टिकले नाहीत. त्याच वर्षी पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर, जॉर्ज किटल मिळाला, जो पुढे आमचा मोठा खेळाडू झाला! माणसं तीच, खोली तीच, आठवडा तोच.

तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठी

धागा आवडला. मी नाशिकहून बघते, आत्ता कुठे नियम कळायला लागलेत. दोन शंका आहेत. आयपीएलसारखा लिलाव का करत नाहीत? आणि सगळी मुलं कॉलेजातूनच का येतात?

खाडीकाठ

@गोदाकाठी, लिलावात पैशाची बोली लागते, इथे नंबर लागतो. गेल्या सीझनमध्ये जी टीम सगळ्यांत वाईट खेळली ती आधी निवडते, सुपर बोल जिंकणारी शेवटी. टीम ३२, फेऱ्या ७, शिवाय काही भरपाईचे जादा पिक. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची. त्यांची टीम सारखी हरायची, आणि चांगली मुलं न्यूयॉर्क-शिकागोच्या श्रीमंत टीमकडे जायची. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. त्यात पहिला निवडलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

कॉलेजचं म्हणाल तर एनएफएल टीमच्या स्वतःच्या अकादमी नसतात. मुलं घडवण्याचं सगळं काम कॉलेजं करतात. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येता येत नाही.

पगारही क्रमांकाप्रमाणे जवळजवळ ठरलेला असतो. पर्डीनं सुपर बोल गाठला त्या सीझनमध्ये त्याचा वर्षाचा पगार दहा लाख डॉलरच्याही आत होता. एवढ्या स्वस्तात क्वार्टरबॅक मिळाला, म्हणून बाकीच्या महागड्या खेळाडूंना पैसे उरले.

आकडेमोड

पगाराचा मुद्दा निघाला ते बरं झालं, सगळं गणित तिथेच आहे.

२०१० मध्ये पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमखास. पुढच्या वर्षी खेळाडू संघटनेशी नवा करार झाला आणि पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी मिळाले. एका वर्षात एवढी घसरण. तेव्हापासून चांगला नवा खेळाडू म्हणजे टीमसाठी सगळ्यांत किफायतशीर माल झाला.

पिकची किंमत कशी ठरते तेही बघा. १९८९ मध्ये डॅलसनं आपला स्टार खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला देऊन पिकचा ढीग मिळवला. एवढ्या पिकची देवघेव करायची तर काही माप हवं, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात त्या टीमनं एक तक्ता केला. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९०. बाकीच्या टीमनीही पुढे तोच उचलला. पण हा तक्ता कोण किती चांगला खेळला यावरून केलेला नव्हता, तेव्हा कोणते सौदे कोणत्या भावानं होत होते त्यावरून केला होता. म्हणजे बाजारात जी चूक होती ती तक्त्यात जशीच्या तशी उतरली.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते, २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) यांनी यावर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, टीम वरच्या पिकला फार जास्त भाव देतात. पगार वजा जाता सर्वांत जास्त फायदा पहिल्या फेरीच्या शेवटी आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला घेतलेल्या खेळाडूंतून होतो. आणखी एक गोष्ट त्यांनी तपासली. एकाच जागेवर खेळणारे लागोपाठ निवडलेले दोघे घेतले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच जास्त निघते. आता विचार करा, १२ वरून ३ वर जायला दोन वर्षांचे पहिले पिक द्यायचे, ते कशाच्या जोरावर?

तेव्हा खाडीकाठ, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

टेक्सासकर

थोडा असहमत. 'नाणेफेक' हा शब्द वाचून स्काउटिंग म्हणजे अंदाजपंचे कारभार असं लोकांना वाटेल. मी इथल्या एका हायस्कूल टीमच्या व्हिडिओचं काम स्वयंसेवक म्हणून करतो. वर्षानुवर्षं फिल्म बघताना काय दिसतं ते सांगतो.

क्वार्टरबॅकची फिल्म बघताना मी चेंडू कुठे गेला ते आधी बघत नाही, त्याचं डोकं कुठे वळतं ते बघतो. पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) झाकला गेला की तो दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जातो का? पाय डोळ्यांबरोबर वळतात का? समोरून माणूस अंगावर येतोय हे दिसत असताना चेंडू सोडायला थांबतो का? पर्डीच्या आयोवा स्टेटच्या फिल्ममध्ये हे होतं. चेंडू वेळेवर सुटत होता. हे ज्याला दिसलं त्यानं उंचीच्या रकान्याकडे थोडं दुर्लक्ष केलं.

अडचण अशी की कॉलेजचा खेळ आणि एनएफएलचा खेळ सारखा नाही. कॉलेजच्या मैदानावर हॅशमार्क (ज्या खुणांच्या दोन ओळींच्या आत चेंडू ठेवून खेळ सुरू होतो) एकमेकांपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका कडेला लागला की दुसऱ्या बाजूला मैदान मोकळं मिळतं, रिसीव्हर एकटे सापडतात. बऱ्याच कॉलेजांत क्वार्टरबॅक एकाच माणसाकडे बघून टाकतो, नाहीतर स्वतः पळतो, आणि तिथे ते पुरतं. मग त्या मुलाला तीन रिसीव्हर वाचता येतात का हे फिल्ममध्ये दिसणारच कसं? तसा प्रसंगच त्याच्यावर आलेला नसतो. लान्सच्या बाबतीत नेमकं हेच झालं, असं माझं मत.

आता कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी. इंडियानापोलिसला फेब्रुवारी-मार्चमध्ये तीनशेच्या वर मुलं येतात. टीव्हीवर ४० यार्डांची धाव दाखवतात, पण टीमना खरी गरज असते ती डॉक्टरांच्या तपासणीची आणि मुलाखतींची. २०१६ मध्ये मायल्स जॅकचं नाव पहिल्या पाचात घेतलं जायचं. गुडघ्याची शंका आली आणि तो ३६ व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. उलट नुसत्या धावेवर भुललं तर काय होतं तेही बघा. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत पळाला, तो तेव्हाचा विक्रम होता. सिनसिनाटीनं त्याला नववा घेतला. दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीनं कोणाला घेतलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नवा_मेंबर

दहावा महोम्स ना, आजचा सुपरस्टार क्वार्टरबॅक? आणि टॉम ब्रेडी, एवढा महान क्वार्टरबॅक, तर १९९ वा होता!

टेक्सासकर

हो. ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पण त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंडलाही तो एवढा मोठा होईल असं वाटत असतं, तर त्यांनी स्वतः पाच फेऱ्या त्याला सोडला नसता. त्यांना श्रेय द्यायचं ते पुढच्या गोष्टीचं. संघात जागा नसताना त्यांनी चौथा क्वार्टरबॅक म्हणून त्याला ठेवून घेतलं.

क्लीव्हलंडकर

आतापर्यंत सगळे 'ओळखणं' या एकाच बाजूनं बोलताय. मला दुसरी बाजू जास्त मोठी वाटते. मुलगा कुठे पडतो?

२०१८ घ्या. आमच्या ब्राउन्सनी बेकर मेफील्डला पहिला घेतला, जेट्सनी सॅम डार्नल्डला तिसरा. दोघांनाही त्यांच्या टीमनी पुढे सोडून दिलं, आणि दोघांवर 'फसलेला' असा शिक्का बसला. मेफील्ड तीन टीम फिरून टॅम्पाला गेला आणि तिथे टीमला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. डार्नल्ड २०२३ मध्ये फोर्टीनायनर्सकडे पर्डीच्या मागे राखीव होता. पुढच्या वर्षी मिनेसोटाला गेला आणि त्या टीमनं १४ सामने जिंकले. हात तेच, डोळे तेच. बदलला तो कोच, समोर उभी राहून त्याचं रक्षण करणारी ऑफेन्सिव्ह लाइन, आणि चेंडू पकडणारी माणसं.

खाडीकाठ, तुमच्याच टीमचं अजून एक उदाहरण. २००५ मध्ये फोर्टीनायनर्सनी अ‍ॅलेक्स स्मिथला पहिला घेतला आणि बर्कलीत, खाडीच्या पलीकडे खेळणाऱ्या अ‍ॅरन रॉजर्सला सोडलं. रॉजर्स २४ वा ग्रीन बेला गेला, तिथल्या मुख्य क्वार्टरबॅक फार्वच्या मागे तीन वर्षं शांतपणे शिकला आणि पुढे मोठा झाला. स्मिथला पहिल्या वर्षापासून मैदानात ढकललं, आणि दर सीझनला त्याचा ऑफेन्सचा कोच बदलत गेला. दर वर्षी नवी भाषा, नवे इशारे. २०११ मध्ये जिम हार्बॉ कोच म्हणून आले आणि त्याच स्मिथबरोबर टीमनं १३ सामने जिंकले. पुढे कॅन्सस सिटीत महोम्स पहिलं वर्ष ज्याच्या मागे बसून शिकला तो क्वार्टरबॅकही हाच स्मिथ. अदलाबदल झाली असती, स्मिथ ग्रीन बेला आणि रॉजर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला असता, तर आज आपण दोघांबद्दल काय बोललो असतो? मला प्रामाणिकपणे वाटतं की बरंच वेगळं बोललो असतो.

आम्ही क्लीव्हलंडचे लोक इतकी वर्षं नवनवे क्वार्टरबॅक येताना बघतोय, की आता मी निवडीच्या दिवशी कुठल्याही मुलाबद्दल वाईट बोलत नाही. त्याला काय मिळणार आहे ते आधी बघू या.

खाडीकाठ

@क्लीव्हलंडकर, स्मिथबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. इथल्या लोकांनी त्याला फार बोल लावले. त्यातला एक शब्दही तो उलटून बोलला नाही.

पर्वती_पायथा

लिलाव विरुद्ध ड्राफ्ट यावर एक जोड. आपल्याकडेही ड्राफ्ट झालाय. २००८ च्या पहिल्या आयपीएलआधी १९ वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघातली मुलं लिलावानं नव्हे, ड्राफ्टनं वाटली गेली. दिल्लीनं प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूला गेला. दिल्लीकडे तेव्हा सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स होते. त्यांना फलंदाज नको होता, गोलंदाज हवा होता. त्या दिवशीच्या गरजेनुसार निर्णय योग्यच होता.

एनएफएलमध्ये यावर कायम वाद असतो ना? गरज बघायची, की जो सर्वोत्तम उरलाय तो घ्यायचा?

आकडेमोड

अगदी हाच वाद. माझं मत सर्वोत्तम उरलेला घ्यावा, कारण गरज दर सहा महिन्यांनी बदलते. अपवाद फक्त क्वार्टरबॅकचा. तो नसेल तर बाकी सगळं असून पुढे जाणं फार कठीण.

कागदपत्र

वकिली नजरेतून एक बाजू राहतेय. मुलाची.

बावीस वर्षांचा माणूस, त्याचं कौशल्य देशात पहिल्या दोन-अडीचशेत, आणि नोकरी कुठे करायची हे त्याला ठरवता येत नाही. शहर नाही, मालक नाही, पगारही जवळजवळ नाही. याविरुद्ध जेम्स 'याझू' स्मिथ कोर्टात गेला. १९६८ मध्ये वॉशिंग्टननं त्याला पहिल्या फेरीत घेतलं, पहिल्याच सीझनमध्ये मानेला इजा झाली आणि कारकीर्द संपली. मोकळेपणानं वाटाघाट करता आली असती तर चांगला करार मिळाला असता, असं त्याचं म्हणणं. १९७८ मध्ये अपील कोर्टानंही मान्य केलं की त्या वेळचा ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नव्हता. मग आजचा ड्राफ्ट कसा चालतो? खेळाडू संघटनेनं सामूहिक करारात तो मान्य केलाय म्हणून. पण ज्यांच्यावर तो लागू होतो ती मुलं त्या करारावर मत देताना संघटनेत नसतात.

२००४ मध्ये ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट तीन वर्षांच्या नियमाविरुद्ध लढला. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. तो निकाल लिहिला न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

नकार देण्याची ताकद फार थोड्यांकडे असते. १९८३ मध्ये जॉन एल्वेनं बाल्टिमोरला नाही म्हटलं, कारण बेसबॉलमध्ये जाण्याचा रस्ता त्याला मोकळा होता. २००४ मध्ये एली मॅनिंगनं सॅन डिएगोला नाही म्हटलं, त्याच्यामागे घराण्याचं नाव होतं. सातव्या फेरीतल्या मुलानं काय म्हणायचं?

टेक्सासकर

मुद्दा मोलाचा आहे. पण ड्राफ्ट नसेल तर ग्रीन बेसारख्या लाखभर वस्तीच्या गावात कोण जाईल? सगळे मायामी, लॉस एंजेलिस, डॅलस.

कागदपत्र

पगाराची मर्यादा सगळ्या टीमना सारखीच आहे, तेव्हा सगळे एकाच शहरात जाऊच शकत नाहीत. आणि क्लीव्हलंडकर यांनी वर जे लिहिलंय ते खरं असेल, म्हणजे कुठे पडतो यावर मुलाचं आयुष्य ठरत असेल, तर ती जागा निवडण्यात त्याचं काहीच मत नसावं हे मला फार खुपतं.

सातवी_फेरी

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. काही खेळाडू ओळखता आले नाहीत असं नाही, त्यांच्याकडे नीट बघितलंच गेलं नाही. वॉरन मून १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल (कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना) जिंकून देऊन बाहेर पडला. काळा क्वार्टरबॅक, म्हणून जागा बदल असं सांगणारे भेटले. त्यानं ते ऐकलं नाही, ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलंच नाही, तो कॅनडात गेला, तिथे एडमंटनला लागोपाठ पाच ग्रे कप (तिथलं अजिंक्यपद) मिळाले आणि मग एनएफएलनं त्याला बोलावलं. २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लमार जॅक्सनबद्दलही 'याला रिसीव्हर करा' असं जाणकार बोलत होते. ३२ वा निवडला गेला, पुढच्याच वर्षी सगळीच्या सगळी मतं मिळवून एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला.

म्हणून 'कोणालाच कळत नाही, नशीब' एवढ्यावर हा विषय सोडू नये. कळत नाही यातला काही भाग न बघण्याचा आहे, आणि तो सुधारता येतो.

खाडीकाठ

@सातवी_फेरी, हे धाग्यातच यायला हवं होतं. पूर्ण मान्य.

@कागदपत्र, तुमचं वाचल्यापासून विचार करतोय. निदान चौथ्या फेरीनंतर ड्राफ्ट बंद करून उरलेल्या मुलांना हवं तिथे जाऊ द्यावं, असं मला वाटायला लागलंय. आजही न निवडलेली मुलं शनिवारी संध्याकाळी फोनवर टीम ठरवतात. त्यांना दोन-तीन टीममधून निवडता येतं, सातव्या फेरीतल्याला येत नाही. कर्ट वॉर्नर, टोनी रोमो हे नावाजलेले क्वार्टरबॅक असेच न निवडलेले होते.

गोदाकाठी

सगळं वाचलं, खूप कळलं. या वर्षी पहिल्यांदा ड्राफ्ट बघणार आहे. भारतातून कधी दिसेल? आणि सगळं बघणं शक्य नाही, तर काय बघू?

टेक्सासकर

गेली काही वर्षं वेळ तीच आहे. पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री, म्हणजे तुमच्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला. उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून. एकच दिवस जमणार असेल तर शनिवारची पहाट घ्या. पहिल्या फेरीची नावं महिनाभर आधीपासून सगळीकडे फिरत असतात. फोर्टीनायनर्सचे मोठे खेळाडू फ्रेड वॉर्नर आणि जो मोंटाना दोघेही तिसऱ्या फेरीतले. आणि कोणी निवडला गेला की, वेळ मिळाल्यास, त्याचा कॉलेजचा एक पूर्ण सामना शोधून बघा. निवडक क्षणांची क्लिप नको, पूर्ण सामना, हरलेला असेल तर अजून चांगलं.